काळी-पिवळी, ॲपची कॅब आणि पांढऱ्या पाटीची गाडी : मुंबईत कशात बसावं?

भाड्याची गाडी ओळखायची तर आधी नंबराची पाटी बघा, गाडीचा रंग नंतर. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे गाडी भाड्यासाठीच पासिंग झालेली. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे घरगुती वापराची; तिने पैसे घेऊन प्रवासी नेणं कायद्यात बसत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांनी यात थोडा घोळ घातलाय, कारण दोन्हींची पाटी हिरवीच असते. फरक आकड्यांत : भाड्याच्या गाडीचे आकडे पिवळे, घरच्या गाडीचे पांढरे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तर ती आपण स्वतः चालवायला भाड्याने घ्यायची गाडी. तिच्यात चालक बसून ‘किधर जाना है’ विचारत असेल तर तिथेच काहीतरी गडबड आहे.

पिवळ्या पाटीतही दोन जाती आहेत आणि मुंबईकराचा सगळा गोंधळ इथे होतो. एक काळी-पिवळी. तिला रस्त्यात हात दाखवून थांबवता येतं, ती स्टँडवर उभी राहू शकते, तिचं भाडं मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवतं आणि ते मोजायला मीटर असतो. दुसरी टुरिस्ट परमिटची गाडी, म्हणजे ‘टी परमिट’वाली. ती आधी ठरवून बोलवायची. भाडं त्या ठरवण्यातच आलं. ॲपवर येणाऱ्या पांढऱ्या रंगाच्या कॅब बहुतेक याच परमिटवर वाढल्या. लंडनमध्येही विभागणी अशीच आहे : रस्त्यात हात दाखवून थांबवायची ती ब्लॅक कॅब, मिनीकॅब मात्र आधी बुक केलेलीच हवी. आपल्याकडे १९८८चा मोटार वाहन कायदा दोन्हींना एकाच मोठ्या डब्यात, कंत्राटी वाहन म्हणून, बसवतो. पण परमिटच्या अटी वेगळ्या आणि त्यामुळे प्रवाशाच्या हातातली हत्यारंही वेगळी. काळी-पिवळीत तुमच्या बाजूला मीटर आणि दरपत्रक आहे, ॲपच्या कॅबमध्ये फेरीची नोंद. पांढऱ्या पाटीच्या गाडीत काहीच नाही.

आधी काळी-पिवळी.

१ फेब्रुवारी २०२५पासून पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे असा दर आहे. त्याआधी, ऑक्टोबर २०२२पासून, किमान भाडं २८ होतं. रात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट, म्हणजे किमान ३९ रुपये. निळ्या-चंदेरी कूल कॅबचं किमान भाडं ४८. सिग्नलला थांबलेला वेळही मीटर मोजतो, सामानाचा दर नगामागे दरपत्रकावर छापलेला असतो. गिरगाव, भायखळा, लालबाग, कुलाबा या भागांत दोन-चार किलोमीटरसाठी हिच्यासारखी गाडी नाही. माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला बंदी असल्यामुळे तिथे छोट्या अंतराचा सगळा भार टॅक्सीवरच आहे. ॲपवर गाडी यायला सात मिनिटं लागतात, तेवढ्यात काळी-पिवळी तुम्हाला भाजी गल्लीतून ऑपेरा हाउसला सोडून पुढचं भाडं घेऊन गेलेली असते.

बसल्यावर पहिलं काम मीटरकडे बघणं. मीटर टाकल्यावर पडद्यावर ३१ दिसायला हवेत. कमी दिसत असतील तर मीटर नव्या दराने दुरुस्त झालेला नाही. मग चालकाकडे दरपत्रक हवं आणि त्यात मीटरच्या आकड्यासमोरचं भाडं द्यायचं. दरपत्रकावर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन रकाने असतात. दुपारी तीन वाजता चालकाचं बोट रात्रीच्या रकान्यावर सरकतंय का, तेवढं बघा. पूर्वी मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला असायचा आणि त्याचा दांडा खाली पाडला की भाडं सुरू. ‘मीटर डाऊन’ हा शब्द तिथलाच. आता पेटी डॅशबोर्डवर आली आहे, पण शब्द टिकला आणि लबाडीही टिकली, फक्त इलेक्ट्रॉनिक झाली.

‘फास्ट मीटर’ हा प्रकार समजून घ्यायला हवा. मीटरला चाकाच्या फिरण्यावरून ठोके मिळतात. ठरावीक ठोके म्हणजे ठरावीक अंतर. या तारेत मध्येच लपवलेलं बटन किंवा हॉर्नची जोडणी घातली की जादा ठोके जातात आणि आकडा उड्या मारतो. ओळखायची खूण सोपी आहे. चालत्या गाडीत भाडं सारख्या लयीत, थोडं थोडं वाढतं. उभ्या गाडीत फार हळू. गाडी सिग्नलला उभी आहे, चालक दोनदा हॉर्न वाजवतो आणि आकडा चार-पाच रुपयांनी पुढे जातो, असं झालं तर मीटर आजारी नाही, त्याला आजारी पाडलंय. फोनवर नकाशा उघडून दोन किलोमीटर ताडून बघा. किरकोळ फरक टायर झिजण्याने किंवा टायरमध्ये हवा कमी असल्यानेही पडतो, त्यावरून भांडू नये. दोन किलोमीटरला तीन दाखवत असेल तर मात्र उतरताना मीटरचा, पाटीचा आणि दरपत्रकाचा फोटो काढून तक्रार आरटीओकडे करावी. एमएच-०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली : पाटीवरचा आकडा म्हणजेच कार्यालयाचा पत्ता. तक्रारीत पूर्ण नंबर, तारीख, वेळ, कुठून कुठे आणि मीटरवरचा आकडा या पाच गोष्टी नसतील तर ती तक्रार फायलीतच राहते.

काळी-पिवळीचा खरा दोष मीटर नाही, नकार आहे. ‘नहीं जाएगा.’ यापलीकडे कारण क्वचितच मिळतं, पण कारणं असतात. दुपारी चार-पाचच्या सुमाराला गाडी दुसऱ्या पाळीच्या चालकाकडे सोपवायची असते; त्या वेळी उलट दिशेचं भाडं कोणी घेत नाही. सीएनजीच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जायचा असतो, तेव्हा पंपाच्या दिशेचंच भाडं चालतं. आणि जो चालक मालकाला पाळीचे ठरलेले पैसे देतो, त्याला दीड किलोमीटरच्या भाड्यासाठी गर्दीच्या गल्लीत शिरणं परवडत नाही. ही सगळी कारणं माणूस म्हणून पटतात. परमिटधारक म्हणून पटत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ (३)नुसार भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. प्रत्यक्षात याचा उपयोग इतकाच की जवळच्या वाहतूक पोलिसाला गाडीचा नंबर दाखवायला लागलात की पाचपैकी तीन चालक ‘बैठो’ म्हणतात. दुसरा, अधिक कामाचा उपाय : आधी ठिकाण सांगू नका. दार उघडा, बसा, मग सांगा. मीटर पडलेला नसला तरी माणूस बसलेला असतो.

सामान हा काळी-पिवळीचा दुसरा कच्चा दुवा. प्रीमियर पद्मिनी असेपर्यंत हा प्रश्न डोक्यावरच्या कॅरिअरने सोडवला होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. आता वॅगन-आर आणि सॅन्ट्रोच्या जातीच्या गाड्या आहेत आणि त्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आडवी पडलेली असते. टाकीपुढे उरते ती जागा एका केबिन बॅगेची. मोठ्या दोन सुटकेसी असतील तर कॅरिअरवाली गाडी बघूनच हात करा आणि दोरी चालकाकडे आहे का ते विचारा. पावसाळ्यात कॅरिअरवर सामान टाकायचं तर ताडपत्री किंवा जाड पिशवी आपली आपण न्यावी. चार माणसं आणि चार बॅगा या गणितात साधी काळी-पिवळी बसत नाही. तिथे एर्टिगा किंवा इको शोधावी लागते.

स्टेशन आणि विमानतळावरच्या प्रीपेड खिडक्यांना लोक उगाच नाकं मुरडतात. भाडं मीटरपेक्षा थोडं चढं असतं हे खरं, पण वाहतूक कोंडीचा भुर्दंड तुमच्यावर येत नाही आणि नकाराचा प्रश्नच नाही. एकच काळजी घ्यायची : पावतीचा चालकाचा भाग दाराशी उतरून, सामान काढून झाल्यावरच त्याच्या हातात द्यायचा. तो भाग दिल्याशिवाय त्याला पैसे मिळत नाहीत. म्हणजे तुमच्या हातातला तो एकमेव लगाम आहे. बसताक्षणी ‘पावती दे दो’ म्हणणाऱ्याला ती देऊन टाकणारे लोक नंतर ‘बिल्डिंगपर्यंत आलाच नाही’ म्हणून तक्रार करतात.

टोलचं एक टिपून ठेवा. १५ ऑक्टोबर २०२४पासून दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. तरी ‘वाशी टोल अलग’ अजून ऐकू येतं. द्यायचा नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूचे कारला एका बाजूचे १०० रुपये आणि अटल सेतूचे २५० मात्र लागतात आणि ते प्रवाशाचेच. सेतूवरून जायचं की माहीममधून, हे मीटर पडायच्या आधी ठरवा.

आता ॲपच्या कॅब. यांच्याबद्दल लोक दोनच मतं ठेवतात, ‘स्वस्त आणि स्वच्छ’ किंवा ‘लूट’. दोन्ही खरी आहेत, फक्त दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. सप्टेंबर २०२५मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने ॲपच्या कॅबसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा पायाभूत दर धरला; मागणी वाढली तर जास्तीत जास्त दीडपट, मागणी कमी असेल तर सवलत जास्तीत जास्त २५ टक्के. (२२.७२ हा आकडा कुठून आला असं वाटत असेल तर काळी-पिवळीच्या २०.६६वर १० टक्के चढवून बघा.) दादर स्टेशन ते सीएसएमटी नऊ किलोमीटर धरा. काळी-पिवळी, थांबण्याचा आकार सोडून, १८६ रुपये. ॲपची कॅब पायाभूत दराने २०४. दुपारी मागणी पडलेली असताना तीच १५३. संध्याकाळी पाऊस आला की ३०७. रात्री एक वाजता काळी-पिवळी सव्वापटीने साधारण २३३. ॲपवर त्या वेळी दीडपट लागली तर पुन्हा ३०७. यावर ५ टक्के जीएसटी आणि ॲपचं स्वतःचं शुल्क वेगळं. म्हणून नियम असा करता येतो : दुपारी ॲप उघडा, पावसात रस्त्यावर उभे राहा. गंमत म्हणजे बहुतेक लोक बरोबर उलटं करतात.

छोट्या अंतराला ॲप महाग का पडतं, त्याचं कारण भाड्याच्या रचनेत आहे. केंद्राच्या जुलै २०२५च्या मार्गदर्शक सूचनांत पायाभूत भाडं किमान तीन किलोमीटरचं धरायला सांगितलंय, कारण चालक तुमच्यापर्यंत रिकामा येतो त्याची भरपाई कुठून तरी व्हायला हवी. तीन किलोमीटर गुणिले २२.७२ म्हणजे ६८ रुपये. दीडच किलोमीटर जायचं असलं तरी तेवढेच. त्याच दीड किलोमीटरला काळी-पिवळी ३१ घेते. गाडी साफ असेल, एसी असेल, पण अंतर दीडच किलोमीटरचं आहे. एसी गार व्हायच्या आत उतरायची वेळ येते.

ॲपमध्ये बिघडतं ते बुकिंग आणि गाडी येण्याच्या मधल्या दहा मिनिटांत. फोन येतो : ‘कहां जाना है? कॅश या ऑनलाइन?’ मग शांतता, आणि नकाशावर गाडी जागची हलत नाही. चालकाकडे दोन-तीन ॲप एकाच वेळी चालू असतात. तुमच्यापेक्षा बरं भाडं आलं की तो तिकडे जातो, पण स्वतः रद्द करत नाही, तुम्ही रद्द कराल याची वाट बघतो. कारण रद्द करण्याचा आकार रद्द करणाऱ्यावर बसतो : केंद्राच्या सूचनांप्रमाणे भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये. म्हणून तुम्ही रद्द करू नका. ॲपमधूनच संदेश टाका, ‘मी ठरल्या जागी उभा आहे, येत नसाल तर तुम्ही रद्द करा.’ हा संदेश नोंदीत राहतो आणि नंतर आकार लागलाच तर परत मागायला तोच पुरावा होतो. फोनवर बोललेल्याची नोंद कुठेच नसते.

दुसरी नेहमीची मागणी : ‘ट्रिप कॅन्सल कर दो, उतनाही पैसा मेरे को दे दो.’ चालकाला यात कंपनीचा वाटा वाचतो, तुमचे पैसे तेवढेच जातात आणि नोंद जाते. मग फोन गाडीत राहिला, रस्ता वाकडा झाला, काही घडलं, तर ॲपच्या दृष्टीने तुम्ही त्या गाडीत बसलाच नव्हतात. चालकाची चिडचिड समजण्यासारखी आहे. राज्याच्या धोरणाने भाड्यातला किमान ८० टक्के वाटा त्याला द्यायला सांगितलंय, आणि वाद नेमका या टक्क्यांवरच चालतो. काही चालक त्यामुळे ॲपवरचं भाडं न मानता सरकारी दराने हिशेब मागतात. हे गाडीत बसल्यावर नाही, दार उघडायच्या आधी विचारून घ्यावं. मान्य नसेल तर तिथेच नाही म्हणता येतं. वरळीला अर्ध्या रस्त्यात म्हणता येत नाही.

पिन कुठे टाकता यावर मुंबईत शंभर रुपये वर-खाली होतात. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेला तुमची सोसायटी आणि पिन पडली पश्चिमेच्या सर्व्हिस रोडवर, तर गाडीला पुढच्या पुलाखालून वळून यावं लागतं. दोन-तीन किलोमीटर त्यातच जातात. चालक तुम्हाला ‘उस पार आ जाओ’ म्हणतो आणि बॅगा घेऊन महामार्ग ओलांडणं कोणालाच जमत नाही. सोसायटीला दोन फाटकं असतील तर रिकाम्या गाड्यांना आत सोडणारं फाटक कोणतं, ते रखवालदाराला एकदा विचारून ती जागा ॲपमध्ये साठवून ठेवा. गाडी आली की आधी पाटी जुळवा, मग चेहरा, मग ओटीपी सांगा. हा क्रम उलटा करणारे दुसऱ्याच्या कॅबमध्ये बसून विलेपार्ल्याऐवजी विक्रोळीकडे निघतात.

एका बाबतीत ॲप काळी-पिवळीला सरळ मात देतं : रात्री एकट्या माणसासाठी, विशेषतः बाईमाणसासाठी. चालकाचं नाव, गाडीचा नंबर, चालू प्रवास घरी दिसण्याची सोय. १ जानेवारी २०१९नंतर नोंदलेल्या सार्वजनिक सेवेच्या मोटारींना ठिकाण कळवणारं यंत्र आणि आणीबाणीचं लाल बटन सक्तीचं आहे, त्यात काळी-पिवळीही आली. पण बटन सीटच्या कडेला कव्हराखाली गेलेलं असतं किंवा खांबावर खेळण्यासारखं लटकत असतं. बसल्यावर ते कुठे आहे एवढं हाताने चाचपून घ्यावं. जुन्या गाडीत ते नसेलच, मग ११२.

बाहेरगावच्या गाडीचा हिशेब हा स्वतंत्र विषय आहे आणि लोक सर्वांत जास्त पैसे इथे घालवतात. शहरात ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ हे पॅकेज. त्यावर तासाचा आणि किलोमीटरचा जादा दर. ते किलोमीटर तुमच्या दारापासून मोजतात असं वाटत असेल तर बुकिंगच्या वेळी दोन शब्द विचारा : गॅरेज टू गॅरेज? म्हणजे गाडी मालकाच्या जागेवरून निघाली तिथून परत तिथे पोचेपर्यंत. गाडी भिवंडीला उभी राहत असेल आणि तुम्ही चेंबूरला राहत असाल, तर रिकाम्या येण्या-जाण्याचे किलोमीटर आणि दोन-तीन तास तुमच्या नावावर. म्हणून जवळचा गाडीवाला किलोमीटरला एक रुपया महाग असला तरी स्वस्त पडतो.

बाहेरगावी दिवसाला किमान किलोमीटरची अट असते, बहुतेकांची ३००, काहींची २५०. आणि दिवस म्हणजे चोवीस तास नव्हे, कॅलेंडरचा दिवस, मध्यरात्र ते मध्यरात्र. महाबळेश्वरचं उदाहरण घ्या. जाऊन-येऊन साधारण ५२० किलोमीटर, तिथलं फिरणं ६०, म्हणजे ५८०. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत, दोन दिवस, किमान ६०० किलोमीटरचं बिल. हिशेबापुरता १५ रुपये दर धरला तर ९,००० रुपये. आता तुम्ही ‘रात्रीच निघू, सकाळी पोचू’ म्हणून शुक्रवारी दहाला निघालात. दिवस तीन झाले, किमान ९००, बिल १३,५००. गाडी एक किलोमीटरही जास्त चालली नाही. त्याऐवजी बारा वाजून दहा मिनिटांनी निघावं. साडेचार हजार रुपये वाचतात आणि रस्ताही रिकामा मिळतो. चालकाचा भत्ता, मुक्कामाचे पैसे, टोल, पार्किंग हे सगळं वेगळं, आणि ते लेखी, निदान व्हॉट्सॲपवर घ्यावं. राज्याबाहेर जायचं असेल तर ऑल इंडिया परमिट आहे का ते आधी विचारा. नसेल तर सीमेवरचा कर तुमच्या गळ्यात पडतो. निघताना सुरुवातीच्या किलोमीटरचा फोटो काढा. स्टेपनी एकदा बघा. डिकी उघडून दाखवायला जो चालक खळखळ करतो, त्याची स्टेपनी बघायलाच हवी.

द्रुतगती मार्गावर कॅब ऐंशीच्या वर का जात नाही, यावरून चालकाला बोलू नये. पिवळ्या पाटीच्या गाडीला वेग बांधणारं यंत्र बसवलेलं असतं. पॅडल दाबून उपयोग नाही. सुट्टीच्या दिवशी पुण्याला वेळेवर पोचायचं असेल तर हा वेग धरूनच निघण्याची वेळ ठरवा.

गोव्यात यातलं बरंचसं लागू पडत नाही. तिथे देशभर चालणाऱ्या मोठ्या कॅब-ॲपना स्थानिक टॅक्सीवाल्यांनी पाय रोवू दिला नाही. २०१८पासून गोवामाइल्स आहे, दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांवर प्रीपेड खिडक्या आहेत, आणि हॉटेलच्या दारात उभी असलेली टॅक्सी सांगेल तो भाव हाही एक प्रकार आहेच. एकट्या माणसाने थोड्या अंतरासाठी मोटारसायकल ‘पायलट’ बघावा, परवाना असलेली दुचाकी टॅक्सी गोव्यात कितीतरी आधीपासून आहे. स्वतः चालवायला गाडी घेणार असाल तर पाटी काळी आणि आकडे पिवळे हवेत. पांढऱ्या पाटीची गाडी ‘ओळखीवर’ भाड्याने मिळते, पण पुढच्या नाक्यावर पोलीस थांबवतो तेव्हा ती ओळख मालकाच्या घरी असते.

तीच पांढरी पाटी मुंबईत कळंबोली, वाशी, सायन, ठाण्याच्या महामार्गाच्या कडेला दिसते. ‘पुणे, पुणे, एक सीट, लगेच निघणार.’ गाडी चकाचक, भाडं टॅक्सीपेक्षा कमी. कमी का, ते सोपं आहे. भाड्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी पासिंगला उभं राहावं लागतं, तिचा विमा महाग, परमिटचे पैसे वेगळे. घरच्या गाडीला यातलं काही नाही. नोंदणी पंधरा वर्षांची, मधे कोणी ब्रेक तपासत नाही. तुम्हाला मिळालेली सवलत या न झालेल्या तपासण्यांतून आलेली असते.

अपघात झाला की खरी किंमत कळते. घरगुती गाडीच्या विम्यात ‘भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर नाही’ अशी अट असते. सीटमागे पैसे घेतले की ती मोडली. विमा कंपनी तेवढंच कारण पुढे करते; गाडीचं नुकसान मालक भरतो आणि जखमी प्रवाशाला भरपाई कोणाकडून, किती, हे न्यायाधिकरणात भांडून ठरतं. परमिटशिवाय भाडं मारलं तर कलम १९२-एखाली १०,००० रुपये दंड आहे आणि गाडी जप्तही होऊ शकते. मग प्रवासी बॅगेसकट रस्त्याच्या कडेला, तोही उन्हात. राज्याने खासगी गाड्यांच्या कार-पूलिंगला अटींवर परवानगी देण्याचं धोरण आणलंय, पण ते नोंदणी केलेल्या ॲपवरून, खर्च वाटून घेण्यापुरतं. कळंबोलीला सीट विकणं त्यात येत नाही.

असल्या गाडीचा चालक निघताना एक वाक्य हमखास बोलतो : ‘कोणी विचारलं तर आपण नातेवाईक आहोत असं सांगा.’ इतकं ऐकल्यावर वेगळी चौकशी करायची गरज उरत नाही. तरी शंका असलीच, तर बॅग डिकीत टाकायच्या आधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकावा. वाहनाचा वर्ग, विम्याची आणि पासिंगची मुदत तिथेच दिसते. वर्ग ‘मोटर कॅब’ असेल तर बसा. ‘मोटर कार’ असेल तर मागून येणाऱ्या एसटीला हात करा.